कार्बन पेपर गेला, सीसी राहिला

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा बोलीतलीच ठेवली आहे.)

मागच्या महिन्यात एका श्रोत्या बाईंचा निरोप आला. त्या कॉलेजात शिकवतात. औपचारिक ईमेल कसा लिहायचा हे शिकवत होत्या, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सीसी म्हणजे काय? गाडीच्या इंजिनातलं सीसी का?" मॅडमनी सांगितलं, कार्बन कॉपी. तर पुढचा प्रश्न आला, "कार्बनची कॉपी कशी असते?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्या मुलीनं कार्बन पेपर पाहिलाच असेल तर सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावती पुस्तकात किंवा किराणा दुकानाच्या बिलबुकात. निळा, हाताला डाग पाडणारा कागद. त्याचा आणि जीमेलचा काय संबंध? तर आज हाच संबंध उलगडायचा आहे. आणि आधीच सांगतो, ही नुसती शब्दांची गंमत नाही. या शब्दांच्या घोळापायी माणसांची गुपितं उघडी पडली आहेत, पैसे गेले आहेत, आणि एका प्रकरणात तर जिवावर बेतेल अशी वेळ आली होती. तिथं येऊच.

सुरुवात कार्बन पेपरपासून. काळ साधारण १८००च्या आसपासचा. इटलीत पेलेग्रिनो तुरी नावाच्या माणसानं एका काउंटेससाठी लिहिण्याचं यंत्र केलं. कॅरोलिना फँतोनी हे तिचं नाव, आणि तिला दिसत नव्हतं. शाईत बुडवलेली लेखणी कोरडी पडली हे अंध माणसाला कळणार कसं? म्हणून शाई कागदालाच लावायची आणि वरून ठसा उमटवायचा, अशी ती युक्ती. जवळपास त्याच सुमारास, १८०६ मध्ये, इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुडनं अशाच शाई लावलेल्या कागदाचं पेटंट घेतलं. म्हणजे कार्बन पेपरच्या जन्माशीच अंधत्वाची गोष्ट जोडलेली आहे. पण ब्लाइंड कार्बन कॉपीतला 'ब्लाइंड' तिथून आलेला नाही हं. तो शब्द वेगळ्या वाटेनं आला, आणि तिथं आंधळं कोण असतं तेही वेगळंच आहे.

पुढची साठ-सत्तर वर्षं या कागदाला फारसं कुणी विचारलं नाही. ऑफिसांत नक्कल काढायला जेम्स वॉटचं दाबयंत्र होतं. वाफेच्या इंजिनाचा तोच वॉट. १७८० मध्ये त्यानं पेटंट घेतलं होतं. ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबायचं आणि शाईचा ठसा घ्यायचा. कार्बनचे दिवस फिरले ते टाइपरायटरमुळे. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचं यंत्र बाजारात आलं. बोटांनी लेखणी दाबून दोन-तीन कागदांखाली ठसा उमटवणं अवघड होतं. टाइपरायटरची खीळ मात्र हातोडीसारखी आपटते. एक कोरा कागद, एक कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन, अशी चळत रोलरमध्ये सरकवायची आणि एका दमात चार-पाच प्रती काढायच्या.

आता ही चळत जरा डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरचा कागद ठळक, खालचा जरा फिकट, त्याच्या खालचा आणखी फिकट. पाचवी प्रत ज्याच्या टेबलावर जायची त्याला चष्मा पुसून वाचावं लागायचं. म्हणजे तुम्ही पत्राचे मुख्य धनी आहात की नुसती माहितीसाठी तुम्हाला प्रत आली आहे, हे मजकूर वाचायच्या आधीच हाताला आणि डोळ्याला कळायचं. टायपिंगमध्ये चूक झाली तर ती प्रत्येक प्रतीवर वेगळी खोडायला लागायची. त्यामुळे सातवी प्रत मागणाऱ्या साहेबाकडे टायपिस्ट ज्या नजरेनं बघायची, ती नजर हाच त्या काळचा स्पॅम फिल्टर होता.

आणि ब्लाइंड कॉपी? साहेबाला एखाद्याला गुपचूप प्रत पाठवायची असेल, तर 'बीसीसी अमुक' ही नोंद मूळ पत्रावर दिसता कामा नये, पण ऑफिसच्या फायलीतल्या प्रतीवर मात्र असायला हवी. मग टायपिस्ट काय करायची? वरचे कागद काढून घ्यायची आणि उरलेल्या प्रतीवर ती ओळ टाइप करायची. किंवा वरच्या कागदावर एक चिठोरं ठेवायची, म्हणजे खिळीचा शाईचा ठसा चिठोऱ्यावर पडायचा आणि दाब खालच्या कार्बनवर. आंधळं ठेवलं जायचं ते मूळ पत्र घेणाऱ्याला. गुप्तता हे टायपिस्टच्या हातांनी केलेलं काम होतं. ती चूक करणार नाही यावर सगळा भरवसा.

आपल्याकडच्या सरकारी कचेरीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. 'प्रति', मग 'विषय', मग 'संदर्भ', आणि तळाशी 'प्रत माहितीसाठी'. एक कार्यालयाची स्वतःची स्थळप्रत. आलेलं पत्र आवक बारनिशीला नोंदवायचं, जाणारं जावकला. इनबॉक्स आणि आउटबॉक्सला मराठीत काय म्हणावं यावर लोक डोकेफोड करतात, तेव्हा मला गंमत वाटते. शब्द केव्हापासून मंत्रालयात बसलेत!

तर हा 'प्रति-विषय-प्रत' साचा आला कुठून? जोॲन येट्स नावाच्या इतिहासकार आहेत, अमेरिकेत एमआयटीमध्ये. त्यांनी यावर १९८९ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलंय, कंपन्यांच्या अंतर्गत पत्रव्यवहाराचा इतिहास म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे कंपन्या, कारखाने अवाढव्य झाले. एकाच कंपनीतले लोक एकमेकांना पत्रं लिहायला लागले. 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' वगैरे लिहायला वेळ कुणाला आहे? ते गळून पडलं आणि वरती चार ओळी आल्या: कुणाला, कुणाकडून, तारीख, विषय. हाच मेमो. आणि त्या 'विषय' ओळीमागं फायलिंगचा मोठा हात आहे. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात उभ्या फायलींचं कपाट मांडलं गेलं. कागद विषयवार लावायचे, तर विषय वरतीच लिहिलेला हवा, नाहीतर फायलिंगच्या कारकुनाला अख्खं पत्र वाचत बसावं लागणार. आपण ईमेलची सब्जेक्ट लाइन लिहितो ती खरं तर त्या कारकुनासाठी. तो कारकून गेला, कपाट गेलं. ओळ राहिली.

आता उडी मारून १९६५ मध्ये येऊ. एमआयटीमध्ये एक मोठा कॉम्प्युटर अनेकजण मिळून वापरायचे, सीटीएसएस नावाची व्यवस्था. टॉम व्हॅन व्हेलेक आणि नोएल मॉरिस या दोन तरुणांनी तिथं 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. तुम्ही निरोप पाठवला की तो समोरच्याच्या एका फायलीच्या शेवटी जोडला जायचा. त्या फायलीचं नाव 'मेल बॉक्स'. पहिली उपमा ती. बघा, इथं काहीच कुठं 'जात' नव्हतं. यंत्र एकच. पत्र नाही, पेटी नाही, पोस्टमन नाही. एका फायलीत चार ओळी वाढल्या, एवढंच. पण नाव पेटीचं.

१९७१ च्या अखेरीस रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, बीबीएन कंपनीत. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी-शेजारी होती, पण त्यांना जोडणारा दुवा मात्र अर्पानेटचाच. पहिल्या निरोपात काय होतं ते खुद्द त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते गोल शेपटीचं चिन्ह ठेवलं. कारण ते कुणाच्या नावात येत नाही, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार 'ॲट' होतो: अमुक माणूस, तमुक यंत्रावर. हे चिन्ह व्यापाऱ्यांच्या वहीतलं. 'डझन आंबे @ पन्नास रुपये', म्हणजे या दरानं. बाकी जगानं त्याला नवी टोपणनावं दिली. इटलीत गोगलगाय, हॉलंडमध्ये माकडाची शेपटी, रशियात कुत्रं. आणि आपण भारतात? आपण अजून फोनवर ईमेल सांगताना 'ॲट द रेट' म्हणतो. वाण्याच्या वहीतला अर्थ आपण सोडलेलाच नाही. मला हे फार आवडतं, कुणी हसलं तरी सोडू नका. (एक आणखी गंमत. मल्टिक्स नावाच्या दुसऱ्या एका व्यवस्थेत हेच चिन्ह टाइप केलं की लिहिलेली अख्खी ओळ पुसली जायची. तिथल्या लोकांना ईमेलचा पत्ता टाइप करणं म्हणजे शिक्षा होती.)

पुढच्या चार-पाच वर्षांत मेमोचा साचा जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरला. १९७३ मध्ये कुणाकडून, तारीख, विषय या ओळींचं प्रमाणीकरण सुरू झालं. १९७५ मधल्या आरएफसी ६८० या दस्तऐवजात सीसी आणि बीसीसी दोन्ही आहेत. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती कागदपत्रं. १९७७ मध्ये आरएफसी ७३३, आणि १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी ८२२. आजचा ईमेल अजून त्याच सांगाड्यावर चालतो.

इथं थोडं थांबतो, कारण आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, 'पण ईमेलचा शोध तर एका भारतीय मुलानं लावला ना?' व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरतो. मुंबईत जन्मलेले शिवा अय्यादुराई यांनी १९७८ मध्ये, शाळकरी वयात, न्यू जर्सीतल्या एका वैद्यकीय विद्यापीठासाठी 'ईमेल' याच नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९८२ मध्ये त्याचा कॉपीराइट घेतला. इथपर्यंत खरं आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या मानानं काम मोठंच. पण कॉपीराइट हा लिहिलेल्या प्रोग्रॅमचा असतो, कल्पनेचा नाही. आणि तारखा तुम्ही आत्ताच ऐकल्यात: १९७१, १९७५, १९७७. मेमोचा साचा तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक ऑफिसात होता. तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे कॉम्प्युटरमध्ये आला, यात नवल काहीच नाही. शोध लावला म्हणणं मात्र मला पटत नाही, आणि बहुतेक इतिहासकारांनाही पटलेलं नाही.

बरं. आता मूळ मुद्दा. कार्बनच्या चळतीतलं काय-काय कॉम्प्युटरमध्ये आलं आणि काय मागं राहिलं?

नाव आलं. प्रती फिकट होणं आलं नाही. टायपिस्टची नजर आली नाही. पाच प्रतींची मर्यादा आली नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'प्रत' हीच गोष्ट आली नाही. 'टू' मध्ये लिहिलेल्याला जे मिळतं, तेच अक्षर न् अक्षर सीसीतल्याला मिळतं. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या लेखी टू आणि सीसी यांत शून्य फरक आहे. तो फक्त पत्त्यांची एक यादी बघतो. सीसी ही निव्वळ शिष्टाचाराची गोष्ट आहे: 'बाबा रे, तुला उत्तर द्यायची गरज नाही, फक्त माहीत असू दे.' आणि ऑफिसांत त्याचं काय झालं ते मी सांगायला नको. साहेबाला सीसीत घातलं की ती धमकी असते.

बीसीसीची गोष्ट त्याहून नाजूक. टायपिस्ट जे काम हातानं करायची, ते आता प्रोग्रॅम करतो: पाठवण्यापूर्वी ती ओळ काढून टाकतो. पण तुम्ही पत्ता कुठल्या चौकटीत टाकलात, हे त्याला कसं कळणार? टू, सीसी, बीसीसी या तीन चौकटी एकाखाली एक, सारख्याच दिसणाऱ्या. अनेक प्रोग्रॅममध्ये बीसीसीची चौकट तर आधी दिसतच नाही, वेगळं बटण दाबून उघडावी लागते. आणि या तिघांत परिणामाचा फरक किती? जमीन-अस्मानाचा.

लंडनमध्ये सोहो भागात ५६ डीन स्ट्रीट नावाचं लैंगिक आरोग्याचं क्लिनिक आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथून एचआयव्ही सेवेशी संबंधित लोकांना एक वार्तापत्र गेलं. ७८१ पत्ते. ते बीसीसीत जायला हवे होते, टाकले गेले 'टू' मध्ये. ७३० पत्त्यांत माणसांची पूर्ण नावं होती. म्हणजे एका क्षणात शेकडो लोकांना एकमेकांची नावं कळली, आणि या वार्तापत्राच्या यादीत नाव आहे म्हणजे काय, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यात असेही लोक होते ज्यांना हा आजार नव्हताच. शेजारी, सहकारी, जुने मित्र, कुणाचंही नाव कुणालाही दिसलं असेल. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१६ मध्ये त्या क्लिनिकच्या ट्रस्टला १ लाख ८० हजार पौंड दंड केला. आणि त्या चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्याच ट्रस्टमध्ये २०१० मध्ये, १७ रुग्णांच्या बाबतीत, अगदी हीच चूक आधी झाली होती.

दुसरं उदाहरण याहून भयंकर. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं. ब्रिटिश सैन्यासाठी दुभाष्याचं काम केलेले अनेक अफगाण लोक मागं लपून राहिले होते. २० सप्टेंबरला ब्रिटिश संरक्षण मंत्रालयातून त्यांतल्या २४५ जणांना एक ईमेल गेला. पुन्हा तेच: पत्ते 'टू' मध्ये. काहींच्या पत्त्यांसोबत त्यांचे छोटे फोटोही दिसत होते. आणि दोघांनी 'रिप्लाय ऑल' केलं, त्यांपैकी एकानं तर आपण कुठं आहोत ते लिहिलं. ही यादी चुकीच्या हातात पडली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. डिसेंबर २०२३ मध्ये साडेतीन लाख पौंड दंड झाला.

दोन्ही वेळा बातम्यांत आलं, 'मानवी चूक'. ते खरंच आहे. पण माझं मत विचाराल तर, ज्या चौकटीवर माणसांचा जीव अवलंबून आहे, तिला टाइपरायटरच्या काळातल्या टायपिस्टच्या भाषेतली तीन अक्षरं नाव म्हणून द्यायची आणि ती शेजारच्या चौकटीसारखीच दिसू द्यायची, ही चूक कुठल्या एका कारकुनाची नाही. ब्रिटनचे आयुक्त आता स्पष्ट सांगतात की संवेदनशील माहिती अनेकांना पाठवायची असेल तर बीसीसीवर विसंबूच नका, त्यासाठी वेगळी सोय वापरा.

आता मघाशी मी म्हणालो, सर्व्हर फक्त पत्त्यांची एक यादी बघतो. मग बीसीसीची ओळ काढून टाकल्यावर ते पत्र त्या माणसापर्यंत पोचतं कसं? पत्रावर तर त्याचं नाव कुठंच नाही!

उत्तर असं, की ईमेलला पाकीट असतं. खरंच. आरएफसी ८२२ मध्ये पाकीट आणि आतला मजकूर अशी फोड केलेली आहे, आणि त्याच महिन्यात, ऑगस्ट १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिला, तो पाकिटाविषयी. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा आधी म्हणतात, 'अमुककडून आलंय', मग 'तमुकला द्यायचंय, आणि तमुकला, आणि तमुकला', आणि मग 'घे, हा मजकूर'. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे पाकीट. तिसऱ्यात अख्खा मेमो: कुणाकडून, कुणाला, विषय, सगळं आतल्या कागदावर. बीसीसीतल्याचं नाव फक्त पाकिटावर असतं, आतल्या कागदावर नसतं. म्हणून ते गुपित राहतं.

उपमा म्हणून ही सगळ्यांत नेमकी. पण ती वापरणाऱ्याला दाखवलीच गेली नाही. खरं पत्र येतं तेव्हा पाकीट तुमच्या हातात असतं. कुठल्या गावचा शिक्का आहे ते बघून तुम्ही ते फोडता. ईमेलमध्ये पाकीट सर्व्हरवरच फोडून फेकलं जातं. तुमच्या स्क्रीनवर जे 'फ्रॉम' दिसतं ते पाकिटावरचं नाव नाही. ते आतल्या लेटरहेडवरचं नाव आहे. आणि लेटरहेड काय, कुणीही छापून घेऊ शकतं.

हे असं का ठेवलं? तर मेमोचीच परंपरा. ऑफिसात पत्र साहेबाचं असतं, पाठवते सेक्रेटरी. म्हणून नियमांतच लिहिणारा वेगळा आणि पाठवणारा वेगळा अशी सोय होती. १९८२ मध्ये या जाळ्यावर यंत्रं काही शेच होती आणि ती विद्यापीठांची, संशोधन संस्थांची. खोटं लेटरहेड वापरेल कोण? आणि वापरलं तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सापडेलच.

एका श्रोत्यांनी कळवलेली हकिगत सांगतो. त्यांचा छोटा कारखाना आहे. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावानं ईमेल आला, 'आमचं बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा.' नाव तेच, पत्ताही तोच दिसत होता, खाली सहीसुद्धा तीच. अकाउंटंटनी पैसे भरले. पुरवठादारानं पंधरा दिवसांनी फोन करून बिलाची आठवण केली तेव्हा कळलं. श्रोत्यांचा मला प्रश्न होता, 'फ्रॉममध्ये त्यांचाच पत्ता होता, मग खोटा कसा?' हेच ते. ती माणसं वेंधळी नव्हती. 'फ्रॉम' या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो शब्द ज्या पाकिटावरून उचललाय असं आपल्याला वाटतं, त्या पाकिटावरचा तो नव्हताच.

ही भोकं बुजवायचं काम गेली वीस वर्षं चालू आहे. एसपीएफ नावाची पद्धत पाकिटावरचा पाठवणारा तपासते: या पत्त्याच्या वतीनं टपाल टाकायची या सर्व्हरला परवानगी आहे का? पण ती फक्त पाकीटच बघते. चोर पाकिटावर स्वतःचं खरं नाव लिहून आत तुमच्या बँकेचं लेटरहेड घालू शकतो. म्हणून २०१२ मध्ये डीमार्क आलं. ते, बाकी तपासण्यांच्या जोडीला, आतला 'फ्रॉम' आणि या तपासलेल्या नावांचा मेळ बसतो का ते बघतं. आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं केलं. १९८२ ते २०२४. बेचाळीस वर्षं!

बाकीच्या शब्दांवरून जरा पटापट जाऊ. 'रे:' हे रिप्लायचं लघुरूप नाही. लॅटिनमधलं आहे, 'या बाबतीत' अशा अर्थाचं, म्हणजे आपला 'संदर्भ'. पण सगळ्यांना ते रिप्लाय वाटतं, म्हणून जर्मन प्रोग्रॅमनी त्याचं भाषांतर केलं 'एडब्ल्यू', स्वीडिश लोकांनी 'एसव्ही', आणि मग दोन देशांत पत्रव्यवहार झाला की विषयाच्या आधी एकापाठोपाठ एक डबे लागल्यासारखी आगगाडी तयार व्हायची. पीओपी म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, १९८४ चा. त्यात तुम्ही पोस्टात जायचं, टपाल उचलायचं, घरी आणायचं. पोस्टात काही शिल्लक नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उचललेलं पत्र घरच्या कॉम्प्युटरवर का दिसत नाही, याचं कोडं कित्येकांना वर्षानुवर्षं सुटलं नाही. उपमा मात्र इथं प्रामाणिक होती.

'अर्काइव्ह'ची तशी नाही. पुराभिलेखागार म्हटलं की जुनी कागदपत्रं दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवली असं वाटतं. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, एक जीबी जागा घेऊन. तारखेमुळे आणि आकड्यामुळे अनेकांना थट्टाच वाटली. त्यांचं म्हणणं होतं, पुसताच कशाला? अर्काइव्ह करा. डिलीटचं साधं बटणसुद्धा २००६ पर्यंत दिलं नव्हतं. पण तिथं अर्काइव्ह केलं की पत्र कुठंही जात नाही. त्याच्यावरची 'इनबॉक्स' नावाची चिठ्ठी फक्त निघते. जीमेलमध्ये फोल्डर नाहीतच, नुसत्या चिठ्ठ्या आहेत. एका पत्राला पाच चिठ्ठ्या लावता येतात. कपाटात एक कागद एकाच फायलीत बसतो, इथं एकाच वेळी पाच फायलींत. आणि मग तुम्ही तेच खातं आउटलुकमध्ये उघडता, तिथं चिठ्ठ्यांचे पुन्हा फोल्डर होतात, आणि एकच पत्र तीन ठिकाणी दिसतं. एका ठिकाणचं पुसलं की बाकीच्यांचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी बोलवावा लागतो.

आणि सगळ्या ॲपवरचं ते बंद पाकिटाचं चित्र? सुरुवातीची कितीतरी वर्षं ईमेल वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला सहज वाचता येत होता. चित्र खरं तर पोस्टकार्डाचं हवं होतं.

शेवटी कामाची एक गोष्ट. फेकलेल्या पाकिटाचा एक कपटा शिल्लक असतो. पत्र शेवटच्या सर्व्हरवर पोचलं की तो सर्व्हर पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव आतल्या मजकुराच्या माथ्यावर नोंदवून ठेवतो. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर ईमेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा, 'शो ओरिजिनल' निवडा. वरती एसपीएफ आणि डीमार्क समोर 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं दिसेल, आणि खालच्या गचाळ मजकुरात 'रिटर्न-पाथ' अशी एक ओळ. ते पाकिटावरचं नाव. ते वेगळं दिसलं म्हणजे लगेच खोटंच असं नाही, वर्तमानपत्रांच्या वार्तापत्रांत ते नेहमीच वेगळं असतं. आणि सगळीकडे 'पास' दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. चोर कधीकधी खऱ्या खात्यात शिरूनच पत्र लिहितो, तेव्हा पाकीटही खरं आणि लेटरहेडही खरं. बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर आधी जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. ईमेलात दिलेल्या नंबरवर नाही.

त्या कॉलेजातल्या मॅडमना आणि त्यांच्या विद्यार्थिनीला एक माहिती द्यायची राहिली. ईमेलच्या नियमांची २००१ सालची आवृत्ती आहे, तिच्यात सीसी म्हणजे काय हे सांगताना मुद्दाम कंसात खुलासा केलाय, की टाइपरायटरवर कार्बन पेपर लावून प्रत काढतात त्या अर्थानं. २००८ च्या आवृत्तीतही तो खुलासा तसाच आहे. म्हणजे हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना आधीच पडलेला होता.

प्रश्न पाठवत राहा. पत्ता खाली दिलाय. भेटू पुढच्या भागात.